विहीणबाईंना मल्याळममधून वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना

प्रश्न : माझ्या मुलीचे सासर त्रिशूरजवळच्या एका गावी आहे. विहीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आणि अतिशय प्रेमळ आहेत. परंतु त्यांना हिंदी बेताचेच येते आणि मला मल्याळम मुळीच येत नाही. मागील वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या कागदोपत्री जन्मतारखेला, मोबाईलवर सापडलेले मल्याळम अक्षरांतले एक तयार शुभेच्छाचित्र मी त्यांना पाठवले. उत्तरादाखल हात जोडल्याची खूण आली. नंतर जावयांनी हसत हसत सांगितले की त्या चित्रावर ईदच्या शुभेच्छा होत्या आणि अम्मांचा वाढदिवस दिवाळीतच होऊन गेला होता, कारण त्यांचे नक्षत्र ‘चोति’ आहे. यातले मला काहीच उमगले नाही आणि मी फार ओशाळले. यंदा त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि आम्हां दोघांना आग्रहाचे आमंत्रण आहे. त्यांना मल्याळममध्ये शुभेच्छा कशा द्याव्यात? मोडकेतोडके बोललेले वाईट दिसेल का? मी त्यांचे औक्षण केले तर चालेल का? आणि जावई, चार वर्षांची नात व तिकडची इतर मंडळी यांच्या वाढदिवसाला काय म्हणावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ओशाळण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. चित्रावरचा शब्द चुकला ही किरकोळ बाब आहे आणि ती कशी घडली हे पुढे सांगतेच. मात्र दिवस चुकला ही बाब किरकोळ नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. मल्याळममधले शुभेच्छांचे वाक्य अवघ्या दोन शब्दांचे आहे आणि ते आपण एका संध्याकाळी शिकाल. परंतु ते कोणत्या दिवशी म्हणायचे आणि समोरच्या व्यक्तीला कोणत्या नात्याने हाक मारून म्हणायचे, या दोन गोष्टी आधी ठरल्या पाहिजेत. त्या जुळल्या तर उच्चारातले लहानसहान दोष कोणाच्या लक्षातही येणार नाहीत.

केरळातील हिंदू घरांमध्ये, विशेषतः जुन्या पिढीत, वाढदिवस तारखेने धरत नाहीत आणि आपल्यासारखा तिथीनेही धरत नाहीत. तो धरतात जन्माच्या मल्याळी महिन्यातील जन्मनक्षत्रावर. इ. स. ८२५ पासून मोजल्या जाणाऱ्या कोल्लवर्षाचे महिने सौर आहेत, म्हणजे सूर्य ज्या राशीत असेल त्या राशीचे नाव महिन्याला मिळते : सिंहेचा चिंगम्, कन्येचा कन्नि, तुळेचा तुलाम्, वृश्चिकेचा वृश्चिकम्, याप्रमाणे. वर्षाचा आरंभ चिंगम् महिन्यात, ऑगस्टच्या मध्यावर होतो. आपल्या विहीणबाईंचा जन्म नोव्हेंबरच्या पूर्वार्धातला असेल तर त्यांचा महिना तुलाम्, जो साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. आणि ‘चोति’ म्हणजे आपले स्वाती नक्षत्र. सूर्य तुळेत असताना चंद्र स्वातीत येतो तो अमावास्येच्या आगेमागेच, कारण स्वाती नक्षत्र तूळ राशीतच आहे आणि सूर्य-चंद्र एकत्र येतात तेव्हाच अमावास्या होते. आश्विनातली ही अमावास्या म्हणजे आपले लक्ष्मीपूजन. त्यामुळे विहीणबाईंचा वाढदिवस बहुतेक वर्षी दिवाळीच्या दिवसांतच येणार. गेल्या वर्षी आपण फराळाच्या गडबडीत असाल, तेव्हा त्रिशूरला त्यांच्या घरी पायसम्, म्हणजे खीर, शिजत होते.

सगळ्याच नक्षत्रांची नावे अशी ओळख लपवून येत नाहीत. रोहिणी, भरणी, मूलम्, रेवति ही ऐकताक्षणी कळतात. परंतु हस्ताचे ‘अत्तम्’, पुष्याचे ‘पूयम्’, ज्येष्ठेचे ‘तृक्केट्टा’, आर्द्रेचे ‘तिरुवातिरा’ आणि श्रवणाचे ‘तिरुवोणम्’ होते, तेव्हा कोणीतरी सांगितल्याखेरीज उमजत नाही. ओणम् हा सणसुद्धा चिंगम् महिन्यातील याच तिरुवोणम् नक्षत्रावर येतो, आणि त्याच महिन्यात ‘चतयम्’ म्हणजे शततारका नक्षत्रावर केरळचे समाजसुधारक श्रीनारायण गुरू यांची जयंती येते. या जयंतीला केरळात सार्वजनिक सुट्टी असते आणि तिची तारीख दरवर्षी बदलते. शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, हा वाद ऐकत आपण वाढलो आहोत. तेव्हा एका व्यक्तीच्या जन्मदिवसाचे दोन दिवस असू शकतात हे आपल्याला नवलाचे वाटू नये.

दिवस काढण्याचे काम आपण घरबसल्या करू शकता. आपल्या भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत रोजचे नक्षत्र छापलेले असते आणि सूर्याच्या राशिप्रवेशाचे दिवसही दिलेले असतात. सूर्य तुळेत गेल्यानंतर स्वाती नक्षत्र ज्या दिवशी असेल, तो दिवस हेरून ठेवा. तथापि शेवटचा निर्णय स्वतः करू नका. चंद्राला नक्षत्रांची फेरी पूर्ण करायला सुमारे २७ दिवस आणि ८ तास लागतात आणि सौर महिना त्याहून मोठा असतो, म्हणून एखाद्या वर्षी तेच नक्षत्र महिन्याच्या आरंभी आणि अखेरीस असे दोनदा येते. अशा वेळी बहुतेक घरांत नंतरचा दिवस धरतात. नक्षत्र दोन दिवसांत विभागले गेले असेल तर कोणता दिवस मानायचा, हेही घरातली वडीलधारी माणसे ठरवतात. म्हणून ऑक्टोबर लागताच मुलीला किंवा जावयांना सरळ विचारा : ‘अम्मांचा चोति यंदा कधी आहे?’ हा प्रश्न विहीणबाईंच्या कानावर गेला तर फारच उत्तम, कारण आपण त्यांचे नक्षत्र लक्षात ठेवले आहे हे त्यांना शुभेच्छांच्याही आधी कळेल.

आता वाक्य. वाढदिवसाला मल्याळममध्ये ‘पिरन्नाळ्’ म्हणतात आणि शुभेच्छांना ‘आशम्सकळ्’. दोन्ही एकत्र केले की झाले : ‘पिरन्नाळ् आशम्सकळ्’. ‘जन्मदिनाशम्सकळ्’ हे संस्कृत वळणाचे रूपही बरोबरच आहे. ते छापील मजकुरात, फलकांवर आणि समारंभाच्या पत्रिकांत अधिक शोभते. आपल्याला समोर बसून बोलायचे आहे, तेव्हा माझी पसंती पहिल्याला आहे.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, ती म्हणजे ‘ळ’. उत्तरेकडच्या अनेकांची जीभ तिथे अडते. आपण मात्र ‘सकाळ’ म्हणताना शेवटी जो ळ् उच्चारतो, तोच ‘पिरन्नाळ्’च्या शेवटी आहे. मधला ‘न्न’ दुहेरी आहे, त्यावर क्षणभर थांबावे. ‘र’ नेहमीपेक्षा थोडा ठसक्याने उच्चारावा. खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्या शब्दाची. ‘आशंसकळ’ असे मराठी पद्धतीने लिहिले की आपण ते मराठी पद्धतीनेच वाचतो : अनुस्वार ‘संसार’मधल्यासारखा नाकात जातो आणि ‘स’मधला अ गळून ‘आशंस्-कळ’ असे काहीतरी होते. मल्याळममध्ये हा अनुस्वार स्पष्ट म् असतो आणि मधला कोणताही अ गळत नाही. म्हणून आ – शम् – स – कळ् असे चार तुकडे करून म्हणावे, आणि चौथ्या तुकड्याच्या शेवटी ळ् वर थांबावे. मी मुद्दामच या उत्तरात अनुस्वाराऐवजी म् लिहिला आहे.

आणि आता त्या चित्राविषयी. ‘पिरन्नाळ्’ म्हणजे वाढदिवस आणि ‘पेरुन्नाळ्’ म्हणजे सण. केरळातील मुस्लिम बांधव ईदला पेरुन्नाळ् म्हणतात आणि ख्रिस्ती लोक चर्चच्या वार्षिक उत्सवाला ‘पळ्ळिप्पेरुन्नाळ्’ म्हणतात. ‘पेरुन्नाळ् आशम्सकळ्’ अशी चित्रे मोबाईलवर भरपूर फिरतात, आणि अक्षरे न वाचता फुले-दिवे पाहून निवडले तर अशी गल्लत कोणाचीही होईल. बोलतानाही ‘पि’चा ‘पे’ होऊ देऊ नका, एवढे पुरे आहे. तयार चित्रे पाठवणे यापुढे बंद करावे, असे मात्र मला मनापासून सुचवावेसे वाटते. आपल्याला वाचता येत नाही असा मजकूर आपल्या नावाने पाठवण्यापेक्षा आपल्या आवाजातले दोन शब्द ध्वनिमुद्रित करून पाठवणे केव्हाही चांगले.

दुसरा प्रश्न नात्याचा. आपल्याकडे विहीण-विहीण एकमेकींना ‘अहो विहीणबाई’ म्हणून आदराने बोलतात आणि ‘तुम्ही’ म्हटले की मान राखला जातो. मल्याळममध्येही ‘तुम्ही’ अशा अर्थाचा ‘निङ्ङळ्’ हा शब्द आहे, परंतु वडीलधाऱ्यांना तो समोर वापरला तर अनेकांना तो रोखठोक, किंबहुना उद्धटही वाटतो. तिथे आदर दाखवतात तो नात्याचा शब्द सर्वनामाच्या जागी वापरून. थोरल्या बहिणीला ‘चेच्ची’ म्हणतात आणि वयाने थोड्या मोठ्या असलेल्या कोणत्याही स्त्रीला हा शब्द प्रेमाने चालतो. विहीणबाई आपल्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या आहेत, तेव्हा आपण त्यांना चेच्चीच म्हणावे. ‘अम्मा’ ही हाक आपल्या मुलीची. ती तिलाच शोभते. त्या शिक्षिका होत्या म्हणजे सारे गाव त्यांना ‘टीचर’ म्हणत असणार, कारण केरळात शिक्षिकेला आयुष्यभर त्याच नावाने हाक मारतात. आपणही म्हटलेत तर त्यांचा मानच होईल, पण त्यात विद्यार्थ्यांचे आणि शेजाऱ्यांचे नाते आहे, घरचे नाही.

‘चेच्चीला’ म्हणायचे तर ‘चेच्चिक्कु’. शेवटचा उ अर्धवट असतो; ओठांचा चंबू न करता तो हलकेच सोडून द्यावा. म्हणजे आपले पूर्ण वाक्य झाले : ‘चेच्चिक्कु पिरन्नाळ् आशम्सकळ्.’ साठीचा समारंभ असल्यामुळे त्यापुढे आणखी एक वाक्य जोडावे, असे मला वाटते : ‘आयुरारोग्यसौख्यम् नेरुन्नु.’ पहिल्या शब्दाचा अर्थ आपल्याला सांगायला नको. ‘नेरुन्नु’ म्हणजे इच्छिते. हा शब्द लांबलचक दिसला तरी आपल्या आरत्या-स्तोत्रांवर वळलेल्या जिभेला तो जड नाही, आणि मल्याळी कानाला तो साठीच्या प्रसंगाला अगदी साजेसा वाटतो. पुष्कळ जण ‘हृदयम् निरञ्ञ पिरन्नाळ् आशम्सकळ्’, म्हणजे भरल्या अंतःकरणाने शुभेच्छा, असेही म्हणतात. परंतु त्यातला दुहेरी ञ आपल्या सवयीचा नाही, तेव्हा तो शब्दप्रयोग शुभेच्छापत्रावर मुलीकडून किंवा जावयांकडून लिहून घ्यावा आणि बोलताना टाळावा.

मोडकेतोडके बोललेले वाईट दिसेल का, असे आपण विचारता. नाही, दिसणार नाही. पण पाठ केलेली दोन वाक्ये म्हणून झाल्यावर गप्प बसावे लागते, याची तयारी मात्र ठेवायला हवी. विहीणबाई आनंदाने भराभर मल्याळम बोलू लागतील आणि आपण गोंधळून जाल. त्यासाठी एकदोन लहान प्रश्न हाताशी ठेवावेत. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी स्नान करून देवळात जाण्याची आणि स्वतःच्या नावाने व नक्षत्राने पुष्पांजली करण्याची पद्धत आहे. म्हणून ‘अम्बलत्तिल् पोयो?’, म्हणजे देवळात जाऊन आलात का, हे अगदी घरचे बोलणे ठरते. फोनवरून शुभेच्छा देत असाल तर ‘पायसम् उण्डाक्कियो?’, म्हणजे पायसम् केलेत का, हे विचारावे. कोणतेही मोठे भाषण देणार नाही इतका जिव्हाळा या प्रश्नांत आहे. उत्तर पूर्ण कळले नाही तरी ‘पालड’ किंवा ‘परिप्पु’ असा एखादा शब्द कानी पडेल आणि पायसम् दुधातल्या अडाचे, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चपट्या तुकड्यांचे, आहे की मूगडाळीचे, एवढे नक्की समजेल. त्यांनी आभार मानले तर ‘नन्दि’ म्हणतील, किंवा सरळ ‘थँक्यू’. रोजच्या बोलण्यात ‘थँक्यू’च अधिक ऐकू येते.

तयारीसाठी यंत्रावरचे भाषांतर ऐकत बसू नका. मुलीला सांगून नातीच्या आवाजात ही दोन वाक्ये ध्वनिमुद्रित करून घ्या. लहान मुले न कंटाळता पुन्हा पुन्हा म्हणून दाखवतात.

औक्षणाचा विचार मला फार आवडला आणि तो आपण सोडू नये. मुलीच्या लग्नात आपण पाहिले असेल की नववधूच्या हाती पेटता निलविळक्कु देऊन तिला घरात घेतात. दिव्याचे मांगल्य तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपले निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता सारे बरोबर न्यावे आणि आदल्या दिवशी मुलीकरवी विचारून घ्यावे. विचारायचे ते परवानगीपेक्षा वेळेसाठी, कारण साठीच्या दिवशी देवळातील पूजा किंवा घरातील होम असू शकतो आणि त्याच्या मध्ये आपला विधी येऊ नये. देवळातून परतल्यावर आणि ‘सद्य’, म्हणजे केळीच्या पानावरचे जेवण, वाढण्यापूर्वी जो अवकाश मिळतो, तो मला सर्वांत योग्य वाटतो. त्या वेळी ओवाळताना मराठीतूनच बोला. मल्याळममधून शुभेच्छा आणि मराठीतून औक्षण, यात काहीही विसंगत नाही. उलट आपण आपल्या घरातले काहीतरी घेऊन त्यांच्या दारी गेलात असे होईल. साठीच्या समारंभाला तिथेही ‘षष्टिपूर्ति’च म्हणतात. आपल्याकडे एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शन करतात, तर केरळात चौऱ्याऐंशीला ‘शताभिषेकम्’ करतात. घरात कोणी तितके वृद्ध असतील तर हा विषय बोलायलाही चांगला आहे.

भेट म्हणून नवे वस्त्र न्यावे. नव्या कोऱ्या वस्त्राला मल्याळममध्ये ‘कोडि’ म्हणतात आणि वाढदिवसाला कोडि देण्याची रीत आहे, म्हणून आपली येवल्याची पैठणी किंवा साधी महेश्वरी साडीही अगदी योग्य ठरेल. त्यांच्याकडचे कसवु मुण्डु, म्हणजे जरीकाठाचे वस्त्र, आपण नाशिकहून शोधून नेण्याची गरज नाही. केक नेण्याचा विचार असल्यास अंडे नसलेला न्यावा, कारण बऱ्याच हिंदू घरांत वाढदिवसाच्या दिवशी शाकाहार पाळतात.

इतरांविषयी थोडक्यात सांगते. जावयांना आपण ‘अहो जावईबापू’ म्हणत असाल, पण मल्याळममधून शुभेच्छा देताना त्यांना ‘मोने’, म्हणजे बाळा, अशी हाक मारायला संकोचू नका : ‘मोने, पिरन्नाळ् आशम्सकळ्.’ तिथे सासूने जावयाला असे म्हणण्यात मान कमी होत नाही. व्याह्यांना मुलगी ‘अच्छन्’ म्हणत असेल. आपण मात्र ते वयाने मोठे असल्यास ‘चेट्टन्’, थोरला भाऊ, म्हणावे, आणि वाक्य ‘चेट्टनु पिरन्नाळ् आशम्सकळ्’ असे होईल. जावयांचे मित्र आपापसांत ‘हॅपी बर्थडे’च म्हणतात आणि लगेच ‘चेलवु एविडे?’, म्हणजे पार्टी कुठे, असे विचारतात. ‘अळिया’, ‘एडा’ हे त्यांचे शब्द दोस्तीतले आहेत. ऐकून आनंद घ्यावा, पण आपण वापरू नयेत. शेजारी ख्रिस्ती किंवा मुस्लिम असतील तर त्यांच्याकडे सहसा इंग्रजी तारखेनेच वाढदिवस असतो आणि ‘पिरन्नाळ् आशम्सकळ्’ हेच शब्द त्यांनाही चालतात. फक्त आई-वडिलांसाठीच्या हाका वेगळ्या असतात, जसे मुस्लिम घरांत ‘उम्मा’ आणि ख्रिस्ती घरांत पुष्कळदा ‘अप्पच्चन्’, त्या ऐकून घ्याव्यात.

उरली नात. तिला म्हणावे : ‘पोन्नुमोळ्क्कु पिरन्नाळ् आशम्सकळ्.’ पोन्नु म्हणजे सोने. आपण लहानग्यांना ‘सोन्या’ म्हणतो तीच ही हाक. त्यामागोमाग ‘चक्करउम्मा’, म्हणजे गुळाचा पापा, हेही म्हणता येईल आणि ते तिने आजवर अच्छम्माकडून, म्हणजे विहीणबाईंकडून, शेकडो वेळा ऐकले असेल. तिचे नक्षत्र मात्र आजच विचारून आपल्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. तिच्या शाळेतला केक तारखेला कापला जाईल आणि अच्छम्माच्या हातचे पायसम् नक्षत्राच्या दिवशी होईल. आपला फोन दोन्ही दिवशी जाऊ द्या.